दाभोळ, मंडाले आणि आपली स्मृती

रत्नागिरीला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे हे ठरलेले असते. रत्नदुर्ग, मांडवीचा धक्का, लोकमान्यांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा. जांभ्या दगडाचा तो वाडा, त्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि खाली पसरलेली भाट्याची खाडी पाहून पाहुणा हळहळतो. आपणही हळहळतो. परक्या मुलखातला एक राजा येथे बंदिवान म्हणून आला, समुद्राकडे पाहत तीस वर्षे जगला आणि येथेच मातीआड झाला. एवढी कथा सांगून आपण पाहुण्याला पुढच्या स्थळाकडे नेतो.

काही काळापूर्वी शाळेची सहल राजवाड्यावर जाऊन आली, त्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एका वेदीसेवक मुलाने मला विचारले, "फादर, थिबाराजा चांगला होता की वाईट?" मी नेहमीचे उत्तर दिले : बिचारा दुर्दैवी होता. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पण त्याच्या राज्यात त्याच्या भावंडांना मारलं ना?" त्याने ते कुठेतरी वाचले होते. मला उत्तर सुचले नाही. मिस्साची वेळ झाली होती, त्या सबबीखाली मी सुटलो. तथापि प्रश्न सुटला नाही. क्रूर राज्यकर्त्यांचा न्याय त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांनी कसा करावा आणि त्यांची आठवण कशी ठेवावी, हा प्रश्न इतिहासाच्या पंडितांपुरता नाही. तो आपल्या घरातला आहे, हे मला त्या मुलामुळे उमगले.

प्रथम मंडालेची हकिकत पाहू. ब्रह्मदेशाचा राजा मिंडॉन १ ऑक्टोबर १८७८ रोजी वारला. त्याला अनेक राण्या होत्या आणि मुलांची संख्याही मोठी होती. वारस कोण, हे त्याने स्पष्टपणे ठरवून ठेवले नव्हते. त्याच्या अखेरच्या आजारपणातच सिनब्युमाशिन ही महत्त्वाकांक्षी राणी आणि काही मंत्री यांनी इतर राजपुत्रांना कैद करविले. मग मठात शिकलेला, स्वभावाने मवाळ असा विशीच्या उंबरठ्यावरचा थिबा त्यांनी गादीवर बसविला. त्याला सिनब्युमाशिनची मुलगी सुपयालत दिली. पुढे फेब्रुवारी १८७९ मध्ये कैदेतील राजपुत्र, राजकन्या आणि त्यांची मुले यांची कत्तल झाली. मारलेल्यांची संख्या सुमारे ऐंशी सांगतात. राजरक्त जमिनीवर सांडू नये असा तेथील संकेत होता. म्हणून गळे आवळून किंवा सोट्यांचे प्रहार करून हे काम उरकले गेले आणि प्रेते राजवाड्याच्या आवारातील खड्ड्यात लोटली गेली. त्यांत अगदी लहान मुलेही होती. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, मंडालेच्या तुरुंगातही कैद्यांची मोठी कत्तल झाली.

आज्ञा कोणाची होती? बहुतेक अभ्यासक सासू, मंत्री आणि सुपयालत यांच्याकडे बोट दाखवितात. वीस वर्षांचा थिबा त्यांच्या हातातले बाहुले होता, असे म्हणतात. ते बहुतांशी खरे असावे. पण राज्य त्याच्या नावाने चालत होते, मेलेले त्याच्याच पित्याची मुले होती, आणि कत्तलीनंतर ज्यांनी ती घडविली ते त्याच्या दरबारात मानाने बसत होते. दुबळेपणामुळे दोषाची मात्रा कमी होते, दोष मात्र पुसला जात नाही. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला हा भेद ठाऊक असतो.

आता या कथेची दुसरी बाजू. मंडालेच्या कत्तलीची बातमी रंगूनला आणि तेथून जगभर पोहोचली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी थिबाला नरराक्षस ठरविले. तेथील इंग्रज व्यापाऱ्यांनी या संतापाचा उपयोग ब्रह्मदेश खालसा करण्याच्या मागणीसाठी केला. पण प्रत्यक्ष युद्ध झाले ते १८८५ मध्ये, कत्तलीनंतर सहा वर्षांनी. त्याचे निमित्त होते बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीवर सागवानाच्या प्रकरणात बसविलेला दंड. फ्रेंचांचे वजन तेथे वाढेल ही भीती त्यामागे होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये दोन आठवड्यांत मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर बंडाळी मोडण्याच्या नावाखाली गावे जाळण्यात आली आणि माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. हूपर नावाचा एक लष्करी अधिकारी तर ऐन गोळ्या झाडण्याच्या क्षणी कैद्यांची छायाचित्रे घेत असे, आणि या प्रकरणाचा गवगवा खुद्द इंग्लंडमध्ये झाला. थिबाच्या क्रूरतेचा डांगोरा पिटणाऱ्यांचे हात असे होते. यावरून पहिला धडा मिळतो : एखाद्याची क्रूरता खरी असू शकते, आणि ती मोठ्याने सांगणाऱ्याचा हेतू तरीही खोटा असू शकतो. हेतू खोटा म्हणून मेलेली मुले खोटी ठरत नाहीत.

एप्रिल १८८६ मध्ये थिबा, त्याच्या दोन राण्या आणि मुली रत्नागिरीस आल्या. आज आपण पाहतो तो वाडा १९१० मध्ये पुरा झाला. धाकटी राणी १९१२ मध्ये आणि राजा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र १९४७ मध्ये येथेच वारली. तिची मुलगी आपल्यासारखीच मराठी बोलत रत्नागिरीत गरिबीत जगली आणि २००० साली निवर्तली. याच काळात नियतीने एक विलक्षण अदलाबदल केली होती. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद होता, तेव्हा रत्नागिरीचे सुपुत्र लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. दोघांचाही तुरुंगाधिकारी एकच. तेव्हा रत्नागिरीकरांनी थिबाला आपला मानले यात नवल नाही. आपण त्याला पाहिले ते पराभूत, गहाणवट करून दिवस काढणारा, मुलींच्या लग्नाची चिंता करणारा बाप म्हणून. जे डोळ्यांपुढे असते त्याचीच दया येते. मंडालेच्या खड्ड्यातील मुले आपल्या डोळ्यांपुढे कधी नव्हती.

ही दया चुकीची नाही. पण दयेमुळे मेलेल्यांची आठवण पुसली जात असेल, तर ती दया अपुरी आहे.

येथवर लिहिणे मला सोपे गेले, कारण थिबा आपला कोणी नव्हे. तो आपल्या धर्माचा नाही, आपल्या रक्ताचा नाही. परक्याच्या पापाचे माप घेताना हात कापत नाही. खरी कसोटी पुढे आहे, आणि तीही आपल्याच जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या दाभोळला.

पाचशे वर्षांपूर्वी दाभोळ हे कोकण किनाऱ्यावरील भरभराटीचे बंदर होते. होर्मुझ, एडन आणि तांबड्या समुद्राशी त्याचा व्यापार चाले. विजापूरच्या आदिलशाहीचा तेथे अंमल होता. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांच्याशी पोर्तुगीजांची लढाई झाली. तीत पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो पडला. बाप सूडाने पेटला. वर्षाच्या अखेरीस तो आरमार घेऊन उत्तरेस निघाला आणि शत्रूला गाठण्याआधी वाटेत दाभोळवर उतरला. डिसेंबर १५०८ चे ते शेवटचे दिवस होते. शहरात शिरलेल्या सैनिकांनी पुरुष, बाया, मुले असा भेद न करता जो दिसेल त्याला कापले. मग शहराला आग लावली. ही हकिकत मुसलमान शत्रूंनी रचलेली नाही, पोर्तुगीजांच्याच इतिहासकारांनी ती लिहून ठेवली आहे. दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, अशी शिवी या किनाऱ्यावर रूढ झाली, हेही त्यांनीच नोंदविले आहे.

फेब्रुवारी १५०९ मध्ये अल्मेदाने दीवची लढाई जिंकली. परतीच्या वाटेवर कण्णूरजवळ त्याने युद्धकैद्यांना तोफांच्या तोंडी देऊन त्यांच्या चिंधड्या उडविल्या. त्याच वर्षाच्या शेवटी अधिकार सोडून तो स्वदेशी निघाला. १ मार्च १५१० रोजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पाण्यासाठी थांबला असता तेथील खोइखोइ लोकांशी झालेल्या चकमकीत तो आणि त्याची पन्नासांहून अधिक माणसे मारली गेली. त्याच्या माणसांनी तेथील वस्तीतून गुरे आणि मुले पळविण्याचा प्रयत्न केला होता. त्याचे प्रेत परक्या वाळूत पुरले गेले. थिबाप्रमाणेच तोही मायदेशी परतला नाही.

अल्मेदा ख्रिस्ती होता. त्याच्या जहाजांच्या शिडांवर क्रूस होता. दाभोळला उतरण्यापूर्वी एकदोन दिवसच आधी, २८ डिसेंबरला, ख्रिस्तसभेने हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण पाळला होता. तो सण त्या जहाजांवर कसा पाळला गेला असेल याचा विचार मी करू लागतो आणि थांबतो.

हे सांगितले की आपल्यापैकी काहींच्या ओठांवर तीन उत्तरे येतात. ती मी स्वतःही पूर्वी दिली आहेत, म्हणून त्यांचा विचार येथे करतो.

पहिले उत्तर : तो काळच तसा होता. पण त्याच काळात मलिक अयाझने चौलच्या लढाईत हाती लागलेल्या पोर्तुगीज कैद्यांना नीट वागविले आणि दीवच्या पराभवानंतर त्यांना धडधाकट परत केले. पुत्र गमावलेल्या अल्मेदाला त्याने लोरेन्सोच्या शौर्याची प्रशंसा करणारे पत्रही पाठविले होते. दाभोळनंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १५११ मध्ये, आगमनकाळातील एका रविवारी अंतोनियो द मोन्तेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूने कॅरिबियन समुद्रातील हिस्पानियोला बेटावर प्रवचन केले. समोर बसलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांना त्याने विचारले की ज्यांना तुम्ही राबवून मारता ती माणसे नव्हेत काय. वसाहतवाले खवळले, पण त्याने पुढच्या रविवारीही माघार घेतली नाही. काळ तोच, क्रूसही तोच. निरपराध्याला मारणे पाप आहे हे त्या काळाला ठाऊक नव्हते असे नाही.

दुसरे उत्तर : इतरांनीही असेच केले. केले, यात शंका नाही. या किनाऱ्यावर तलवार चालविणारे अनेक झाले. पण शेजाऱ्याचे पाप दाखवून आपले पाप हलके होते असे कोणत्याही पापनिवेदनात मी ऐकलेले नाही. प्रायश्चित्त संस्कारात माणूस स्वतःविषयीच बोलतो.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे : आमचा त्याच्याशी काय संबंध? आम्ही पोर्तुगीज नव्हे. आमचे पूर्वज याच मातीतले शेतकरी, कोळी, कारागीर. हे शंभर टक्के खरे आहे, आणि जे आपल्याला फिरंग्यांची औलाद म्हणून हिणवितात त्यांना हे ठामपणे सांगितलेच पाहिजे. बापाच्या पापासाठी मुलगा दोषी नाही, ही यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण आहे. मग अल्मेदाच्या पापासाठी कोकणातला कॅथलिक कसा दोषी असेल? परंतु थोडे थांबून पाहा. आपण खरोखर त्याचे कोणी नसू, तर त्याच्यासाठी वकिली करण्याची घाई आपल्याला का होते? त्याचा विषय निघताच आपण अंग का चोरतो? दाभोळला मेलेली माणसे या किनाऱ्याची होती. रक्ताने आणि मातीने आपले नाते त्यांच्याशी अधिक जवळचे आहे. त्यांच्यासाठी शोक करण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो आपण आजवर वापरलेला नाही.

मग न्याय कसा करावा? "न्याय करू नका" ही प्रभूची आज्ञा आपण ऐकतो, आणि काहीजण तिचा आधार घेऊन सारा विषयच मिटवितात. पण योहान बाप्तिस्त्याने हेरोद राजाला त्याचे कृत्य अयोग्य असल्याचे तोंडावर सांगितलेच होते. माणसाच्या आत्म्याचा अखेरचा निवाडा परमेश्वराचा आहे. अल्मेदाच्या किंवा थिबाच्या शेवटच्या घटकेला त्यांच्या अंतःकरणात काय होते हे आपल्याला कळणार नाही, आणि त्यांना नरकात ढकलण्याचे काम आपले नाही. कृत्याला त्याचे खरे नाव देणे मात्र आपले काम आहे. कत्तलीला कत्तल म्हणायचे, तिला मोहीम किंवा शासन म्हणायचे नाही.

पवित्र शास्त्राने आणि ख्रिस्तसभेने ही रीत आपल्याला कधीच घालून दिली आहे. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण पंतय पिलाताचे नाव घेतो. त्याला शिवी नाही, त्याची सफाईही नाही. त्याच्या अमलात काय घडले तेवढेच आपण म्हणतो. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिली तेव्हा दावीद राजाचे नाव गौरवाने घेतले, पण शलमोनाची आई सांगताना तिचा उल्लेख उरीयाची पत्नी असा केला. राजाने कपटाने मारविलेल्या त्या सैनिकाचे नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत कायमचे कोरले गेले. आणि हेरोद? इतिहासात त्याला थोर म्हणतात, त्याने बांधलेल्या वास्तूंची वर्णने होतात. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत मात्र त्याला एकही दिवस नाही. दिवस आहे तो त्या मुलांना, ज्यांची नावेसुद्धा कोणाला ठाऊक नाहीत.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळी केलेल्या पापांबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या हिंसेचा उच्चार त्यात होता. तेव्हा काही भाविकांना ते रुचले नाही. यामुळे शत्रूंच्या हाती कोलीत मिळेल, असे ते म्हणत. पण कबुली देणाऱ्याच्या हातून कोलीत आपोआप गळून पडते, हा अनुभव आपण घरातल्या भांडणातही घेतो.

उभ्या असलेल्या खुणांचे काय करायचे, हाही प्रश्न उरतो. अल्मेदानंतर आलेल्या आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकले आणि तेथील मुसलमानांची कत्तल केली. त्याने राजाला लिहिलेल्या पत्रात तिचे वर्णन आहे. याच आल्बुकर्कने गोव्यात सतीची चाल बंद केली. आज त्याचा पुतळा जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात उभा आहे. मला ही जागा योग्य वाटते. चौकातल्या चौथऱ्यावर उभे केले की माणसाला मान द्यावा लागतो, फोडून टाकले की त्याच्याविषयी बोलणेच संपते. संग्रहालयात तो पाहता येतो, आणि मुलांना दोन्ही गोष्टी सांगता येतात. थिबा राजवाड्यातही संग्रहालय आहे. तेथे जाताना मंडालेच्या त्या ऐंशी जणांविषयी आपण मुलांशी बोललो, तर वाड्याची शोभा कमी होणार नाही.

हे सारे जुन्या काळाविषयी आहे असे कोणास वाटेल, म्हणून एक अलीकडची घटना सांगतो. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आणि सेनापती मिन आंग लाइंग रत्नागिरीच्या समाधीस वंदन करण्यास आले होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ पासून, त्या सेनापतीच्या सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या घरेदारे सोडून बांगलादेशात पळाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच सेनापतीने देशाची सत्ता बळकावली. राजाची समाधी पूजावी आणि राजाच्या नावाने मारलेल्यांना विसरावे, अशी स्मृती सत्ताधाऱ्यांना सोयीची असते. डिसेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ढाक्यात रोहिंग्या निर्वासितांची भेट घेतली, एकेकाचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांच्याजवळ क्षमा मागितली. त्यांना पळवून लावणारे कॅथलिक नव्हते, तरीही त्यांनी ती मागितली.

त्या वेदीसेवक मुलाला मी नंतर बोलावून घेतले. थिबाराजा दुबळा होता, त्याच्या राज्यात घोर पाप घडले आणि त्याने ते थांबविले नाही, हे सांगितले. नंतर त्याच्यावरही अन्याय झाला आणि त्याबद्दल आपल्याला वाईट वाटते ते बरोबरच आहे, हेही सांगितले. मग मी त्याला दाभोळची गोष्ट सांगितली. ती त्याने कुठे वाचलेली नव्हती. त्याने विचारले, "ते आपल्यातले होते?" मी म्हणालो, "मारणाऱ्यांचा धर्म आपला होता. मेलेले आपल्या किनाऱ्याचे होते."

येत्या २८ डिसेंबरच्या मिस्सात आमच्या देवळात बेथलेहेमच्या बालकांबरोबर दाभोळच्या आणि मंडालेच्या मृतांसाठी प्रार्थना होईल. त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत, गावांची नावे आहेत. तीच घेऊ.